तिसरी कॉर्ड

गिटार घेतली की पहिला आठवडा बोटांची टोकं हुळहुळण्यात जातो. दुसऱ्या आठवड्यात माणूस फोनवर सोपी गाणी शोधायला लागतो. ऑफिसच्या दोन कॉल्सच्या मधे मीही तेच केलं. सगळ्या व्हिडिओंत एकच दिलासा : तीन कॉर्ड आल्या की झालं. हे 'झालं' ठरवलं कोणी, हे शोधत मी १९५६च्या ब्रिटनमध्ये जाऊन पोचलो.

त्या वर्षाच्या सुरुवातीला लॉनी डोनेगनचं 'रॉक आयलंड लाइन' तिथे तुफान चाललं होतं. रेकॉर्डिंग मात्र जुलै १९५४चं, म्हणजे महायुद्धापासूनचं रेशनिंग ज्या महिन्यात अखेर संपलं त्याच महिन्यातलं. ख्रिस बार्बरच्या जॅझ बँडच्या अल्बममध्ये हे गाणं होतं, पण त्यात ट्रम्पेट नाही, ट्रॉम्बोन नाही. गिटार, डबल बास आणि कपडे घासायचा पत्र्याचा वॉशबोर्ड, बस्स. या प्रकाराला स्किफल म्हणत. पोरांनी ते ऐकलं आणि त्यांना वाटलं, अरे, हे तर आपल्यालाही जमेल! चहाच्या रिकाम्या खोक्याला झाडूचा दांडा लावून दोरी ताणली की बास तयार. आईचा वॉशबोर्ड, बोटांत शिवणकामाची टोपणं, की ताल तयार. पैसे लागायचे ते गिटारला. १९५७मध्ये बर्ट वीडनचं 'प्ले इन अ डे' आलं. एका दिवसात गिटार! (आपल्या 'तीस दिवसांत इंग्रजी'चा थोरला भाऊच.)

पण गाणं डोनेगनचं नव्हतं. १९३४मध्ये जॉन लोमॅक्स अमेरिकेतल्या आर्कान्सामधल्या तुरुंगांत लोकगीतं ध्वनिमुद्रित करत फिरत होता. तिथल्या कृष्णवर्णीय कैद्यांनी हे गाणं त्याला म्हणून दाखवलं. वाद्य एकही नाही, नुसते गळे. त्या दौऱ्यात लोमॅक्सबरोबर लेड बेली होता, स्वतः नुकताच तुरुंगातून सुटलेला. त्याने ते उचललं आणि पुढे आपल्या बारा तारांच्या गिटारवर वाजवलं. १९४९मध्ये तो गेला. ब्रिटनमधली ही धमाल त्याने पाहिलीच नाही. मला हे वाचून जरा ओशाळल्यासारखं झालं. आपण ज्याला सोपं गाणं म्हणतो, ते गाणाऱ्यांच्या हातात तर गिटारही नव्हती.

स्किफलच्या या लाटेतच लिव्हरपूलमध्ये जॉन लेननने क्वारीमेन हा बँड काढला. त्याला पहिल्या कॉर्ड शिकवल्या आईने, आणि तिला येत होता बँजो. त्यामुळे सुरुवातीला हा गिटारवर बँजोच्या कॉर्ड धरायचा. पॉल मॅकार्टनीने पुढे अनेकदा सांगितलेला किस्सा तर मला पाठच झालाय : ई येत होती, ए येत होती, तिसरी बी सेव्हन काही येईना. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला कोणाला तरी ती येते असं कळलं, आणि पोरं बस बदलत तिकडे गेली. ती एक कॉर्ड पाहिली, शिकली आणि परत आली.

मी तो व्हिडिओ अर्ध्या वेगाने चाळीसेक वेळा पाहिलाय. बी सेव्हनला चारही बोटं लागतात. माझी करंगळी अजून शेजारच्या तारेला लागते. खालच्या मजल्यावर कोणीतरी रोज रात्री गिटार वाजवतं, आणि त्याची बी सेव्हन स्वच्छ वाजते. मी अजून त्याची बेल वाजवलेली नाही.