भट्टी आणि शीतयंत्र : अमेरिकन घरातील 'एअर हँडलर'ची घडण

वातानुकूलनाचा इतिहास बहुधा एका यंत्राचा व एका संशोधकाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. 1902 साली विलिस कॅरिअर या तरुण अभियंत्याने ब्रुकलिन येथील सॅकेट-विल्हेल्म्स या छापखान्यासाठी हवेतील दमटपणा आवरण्याची योजना आखली. तेथून ही विद्या कारखाने, चित्रपटगृहे, कचेऱ्या व अखेरीस घरे अशी पायरीपायरीने उतरत आली, असा तो क्रम. मोठ्या इमारतींपुरता तो यथार्थ आहे. परंतु सामान्य अमेरिकन कुटुंबाच्या घरी उन्हाळ्यात गार व हिवाळ्यात उष्ण हवा खेळविणारी जी 'एअर हँडलर' नावाची एकच पेटी असते, तिची वंशावळ शोधू गेल्यास ती शीतयंत्राइतकीच तळघरातील कोळशाच्या भट्टीपर्यंत जाऊन पोचते. हा भेद केवळ तपशिलाचा नव्हे. घरातील हवेचा मार्ग प्रथम कोणी व कोणत्या हेतूने आखला, यावर पुढे त्या घराची रचना, त्याचा खर्च आणि रहिवाशांचे परावलंबन ही अवलंबून राहिली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उत्तरेकडील थंड राज्यांत तळघरातील भट्टीने घर तापविण्याची रीत रूढ होती. 1895 साली आयोवा राज्यातील मार्शलटाउन येथे डेव्ह लेनॉक्स याने बिडाऐवजी रिव्हेट मारलेल्या पोलादी पत्र्याची भट्टी बनविण्यास आरंभ केला. या भट्ट्यांत पंखा नव्हता. उष्ण हवा हलकी असते, म्हणून ती आपोआप वर चढे. जड झालेली गार हवा परत खाली उतरे. नैसर्गिक ओढ दुर्बळ असल्यामुळे नळ फार रुंद व चढत्या उताराचे ठेवावे लागत, आणि भट्टीपासून चहूकडे पसरलेल्या या नळांमुळे तिला लोक 'ऑक्टोपस' म्हणत. 1919 साली न्यू जर्सीतील अ‍ॅलिस पार्कर या स्त्रीने वायूवर चालणाऱ्या व खोल्यांना स्वतंत्र नळांतून उष्णता पुरविणाऱ्या भट्टीचे पेटंट मिळविले. खरे वळण मात्र भट्टीस विजेच्या पंख्याची जोड मिळाली तेव्हा आले. पंख्यामुळे नळ अरुंद व आडवे करता आले, गाळणी बसविता आली. आणि मुख्य म्हणजे हवेची गती तिच्या हलकेपणावर अवलंबून राहिली नाही. जी व्यवस्था हलकी हवा वर नेण्यापुरतीच समर्थ होती, ती आता जड, गार हवाही वरच्या मजल्यावर पोचवू शकत होती. घरगुती शीतनाचा मार्ग असा उष्णतेच्या कारागिरांनी, तो हेतू मनात नसताना, तयार करून ठेवला.

शीतनाचा धंदा मात्र निराळा होता. 1914 च्या सुमारास मिनिआपोलिस येथील चार्ल्स गेट्स यांच्या प्रासादात बसविलेले यंत्र सुमारे 20 फूट लांब होते; असे यंत्र सामान्य गृहस्थास परवडणे अशक्यच. शिवाय अमोनिया, सल्फर डाय-ऑक्साइड यांसारखे विषारी वायू घरात ठेवणे धोक्याचे होते. 1928 साली टॉमस मिजली व त्याच्या सहकाऱ्यांनी क्लोरोफ्लुओरोकार्बन वर्गातील शीतकारके सिद्ध केल्यावर हा अडसर दूर झाला. तरीही दोन विद्या दोन घरांत नांदत राहिल्या. उष्णता व वायुवीजन यांच्या अभियंत्यांची संस्था 1894 मध्ये, तर शीतन अभियंत्यांची संस्था 1904 मध्ये स्थापन झाली होती; त्यांचे एकीकरण होण्यास 1959 साल उजाडावे लागले.

या दोन परंपरांची गाठ प्रत्यक्ष जोडणीच्या कामात पडली. भट्टीच्या मुखावरील पत्र्याच्या पेटीत शीतवेटोळे बसवावे व दाबयंत्र घराबाहेर ठेवावे, ही युक्ती दिसण्यास सोपी होती. परंतु भट्टीतून निघणारी हवा खोलीतील हवेपेक्षा 40 ते 70 अंश फॅरनहाइट अधिक उष्ण असते, तर वेटोळ्यावरून येणारी हवा जेमतेम 20 अंशांनी गार असते. फरक थोडा, म्हणून हवा अधिक वाहावी लागते. एक टन, म्हणजे ताशी 12,000 बीटीयू, इतक्या शीतनास मिनिटाला सुमारे 400 घनफूट हवा हा ठोकताळा रूढ झाला. केवळ उष्णतेसाठी घातलेले अरुंद नळ या मापास अपुरे ठरत. पंखा घरघरे व वेटोळ्यावर बर्फ धरे. वेटोळ्यावर हवेतील बाष्पाचे पाणी जमे. त्यासाठी तबक, उताराची नळी आणि पंख्याच्या ओढीने पाणी अडू नये म्हणून वाकडी नळी आवश्यक झाली. गार नळांना बाहेरून घाम सुटे, म्हणून त्यांवर उष्णतारोधक आवरण आले. पत्र्याच्या कारागिरास बाष्पाचा विचार करावा लागला, आणि शीतयंत्राच्या मिस्त्रीस हवेच्या दाबाचा.

1954 साली टेक्सासमधील ऑस्टिन येथे 22 घरांची वातानुकूलित वसाहत उभारण्यात आली. मध्यमवर्गीय घरास हे सुख परवडते काय, हे तेथे वेगवेगळ्या यंत्रांची तुलना करून तपासण्यात आले. 1960 च्या जनगणनेत सुमारे 12 टक्के घरांत वातानुकूलनाची काही सोय आढळली. 1970 मध्ये हे प्रमाण सुमारे 36 टक्क्यांवर गेले. यांत खिडकीतील यंत्रांचा वाटा मोठा होता, हे विसरता कामा नये. युद्धोत्तर काळातील कित्येक घरांना तळघर नव्हते. म्हणून यंत्र कपाटात किंवा माळ्यावर गेले. रेमंड आर्सेनो यांनी 1984 मधील आपल्या निबंधात दाखविल्याप्रमाणे दक्षिणेत उंच छते, रुंद ओसऱ्या व समोरासमोरच्या खिडक्या हळूहळू लोप पावल्या, आणि ओसरीवरील शेजारपणही ओसरले. गेल कूपर यांनी 1998 च्या ग्रंथात अभियंत्यांची बंदिस्त, नियंत्रित हवा आणि रहिवाशांची उघड्या खिडकीची ओढ यांतील संघर्ष विशद केला आहे. दोन्ही विवेचने महत्त्वाची आहेत. पण नळाचा मार्ग त्यांत दुय्यम राहतो.

तो दुय्यम नाही, हे 1973 च्या तेलटंचाईनंतर उघड झाले. उन्हात तापलेल्या माळ्यावरून गार हवा नेणे, तेही गळक्या सांध्यांतून, ही केवढी उधळपट्टी आहे, हे तेव्हा ध्यानी येऊ लागले. पुढे 1987 च्या माँट्रिअल कराराने जुनी शीतकारके मोडीत निघाली. 2016 च्या किगाली दुरुस्तीने त्यांच्या जागी आलेल्यांनाही मर्यादा घातली. उलटी झडप असलेला उष्णतापंप आता एकाच वेटोळ्याने दोन्ही ऋतूंचे काम करतो आणि भट्टीस निवृत्त करतो. इंधन बदलले, वायू बदलला, यंत्र बदलले. परंतु भिंतींत व माळ्यावर गाडला गेलेला नळ बदलणे सर्वांत कठीण. म्हणूनच आज नवे यंत्र जुन्या घरात बसविणारा कारागीर प्रथम नळाचे माप घेतो. ते माप पुष्कळदा अशा कोणी ठरविलेले असते, ज्याला केवळ हिवाळ्याची चिंता होती.