शाळेच्या उंबरठ्यावरचे मूल



नंदगडचा इतिहास म्हटला की २६ जानेवारी १८३१ रोजी येथे फाशी गेलेल्या संगोळी रायण्णांचे स्मरण होते. आज ज्या इतिहासाविषयी मी बोलणार आहे, त्याची समाधी कोठेही नाही. शाळेत कधी न आलेल्या, अथवा येऊनही मागच्या बाकावरून परत गेलेल्या मुलांचा तो इतिहास आहे.

सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली मांडले. ते फेटाळले गेले. विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नांमुळे १९१८ साली मुंबई इलाख्यातील नगरपालिकांसाठी तसा कायदा झाला. आपला बेळगाव जिल्हा तेव्हा त्याच इलाख्यात होता. पुढे देशात सक्तीच्या शिक्षणाचे जे कायदे झाले, त्यांपैकी अनेकांत एक सूट असे. मुलाचे शारीरिक वा मानसिक व्यंग हे त्याला शाळेत न पाठविण्याचे सबळ कारण मानले जाई. हेतू दयेचा होता. परंतु त्या दयेने पालकाबरोबर शाळाही जबाबदारीतून मोकळी झाली.

अशा मुलांसाठी पहिले दार उघडले ते स्वतंत्र शाळांनी. अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी १९०० साली मुंबईत अंध मुलांची शाळा काढली. वकील दांपत्याने आपल्या मतिमंद मुलीला कोणतीही शाळा घेईना, म्हणून १९४४ साली मुंबईतच शाळा सुरू केली. पुण्यात सिंधुताई जोशी यांनी १९६४ साली ‘कामायनी’ उभी केली. ही कार्ये थोरच होत. पण ती महानगरांत घडली. खानापूर तालुक्यातील भातशेती करणाऱ्या कुटुंबाला मुंबई-पुणे कसे परवडावे? येथले मूल गुरांमागे गेले.

येथे मला स्वतःची एक चूक कबूल केली पाहिजे. १९७४ साली मी याच भागातील एका शाळेत शिकवीत होतो. वर्गातला एक मुलगा भाताच्या पोत्यांचा हिशेब तोंडी, क्षणात सांगे. पाटीवर मात्र त्याची अक्षरे उलटसुलट होत. मी त्याला आळशी ठरविले, छडीही मारली. सहावीत त्याने शाळा सोडली. ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द तेव्हा मी ऐकला नव्हता. पण त्याचा हिशेब तर रोज ऐकत होतो. त्याची बुद्धी ओळखायला तेवढे पुरेसे होते.

पुढे काळ बदलला. १९९५ च्या कायद्याने अपंग मुलांना अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. २०१६ च्या कायद्याने अध्ययन-अक्षमतेचाही अपंगत्वात समावेश केला आणि परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, तसेच दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट यांची तरतूद केली. या शेवटच्या तरतुदीचे मोल सीमाभागाइतके कोणाला कळणार? आपल्या मराठी शाळेतील मुलाला देवनागरी, कन्नड आणि रोमन अशा तीन लिप्यांशी झुंजावे लागते. एकीतच अडखळणाऱ्याचे तिन्हींत काय होत असेल, याचा विचार आपण करावा.

सूट हा शब्द तोच आहे, पण त्याची दिशा पालटली आहे. पूर्वीच्या सुटीने मूल शाळेबाहेर राहिले. आजची सूट त्याला शाळेत टिकवण्यासाठी आहे. मात्र कायदा वर्गात येऊन शिकवीत नाही. प्रश्न वाचून दाखविणे, तोंडी उत्तर ग्राह्य धरणे, अक्षर वाळूत बोटाने गिरवून घेणे, मुलाला पहिल्या बाकावर बसविणे आणि त्याला काय येते ते आधी विचारणे, हे शिक्षकालाच करावे लागते. त्याला फार खर्च येत नाही.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांच्या शाळेत यापुढे एकही मूल मागच्या बाकावरून परत न जावो. माझ्या त्या विद्यार्थ्याची क्षमा मागून मी आपली रजा घेतो.