पणाला लागलेले अलंकार : रामटेकच्या वाटेवरील एक नकार आणि खेळाची संहिता

लीळाचरित्राच्या एकांकात रामटेक येते ते गंतव्य म्हणून. भडोचचे प्रधान विशाळदेव यांचे पुत्र हरपाळदेव द्यूतात हरतात. जिंकणाऱ्यांचे देणे भागविण्यासाठी ते पत्नी कमळाइसा हिच्याकडे अलंकार मागतात. ती ते देण्याचे नाकारते. देणे पुढे वडील भागवितात. परंतु हरपाळदेवांचे मन संसारातून उठते आणि रामटेकच्या रामाचे दर्शन घेण्याचे निमित्त करून ते घर सोडतात. वाटेत रिद्धपूरला श्रीगोविंदप्रभूंची भेट होते, यात्रेचा अर्थच पालटतो, आणि हरपाळदेवांचे चक्रधर होतात. मराठी गद्याच्या आरंभकाळातील या श्रेष्ठ ग्रंथाचे चरित्रनायक घराबाहेर पडतात, त्याच्या मुळाशी एक खेळ आणि एका स्त्रीचा नकार आहे, या गोष्टीकडे अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही.

सांप्रदायिक वाचनात या नकाराचा अर्थ ठरून गेलेला आहे. संसारातील नाती स्वार्थाची असतात याचा तो दाखला ठरतो, आणि कमळाइसा वैराग्याचे निमित्तकारण होऊन थांबते. कथनाचा झोत रामटेकच्या वाटेने निघून जातो. ती मात्र भडोचलाच राहते. तिने अलंकार का दिले नाहीत हे तिच्या बाजूने विचारले जात नाही. हा प्रश्न आधुनिक स्त्रीवादाने बाहेरून आणून लादलेला आहे, असा आक्षेप येथे घेतला जाईल. त्याचे उत्तर मध्ययुगीन धर्मशास्त्रातच मिळते. अलंकार हे स्त्रीधन होय. पतीने ते घेतले तरी परत करण्याचे बंधन त्याच्यावर राहत नाही असे प्रसंग याज्ञवल्क्यस्मृती मोजून सांगते : दुष्काळ, धर्मकार्य, व्याधी आणि बंदिवास. द्यूताचे देणे त्यांत नाही. म्हणजे कमळाइसेचा नकार हा कृपणपणा नसून तिच्या काळाने तिला दिलेल्या मर्यादित अधिकाराचा वापर आहे. कथन ज्याला स्वार्थ समजू देते, तो शास्त्राच्या दृष्टीने न्याय आहे.

रामटेक आणि रिद्धपूर ही जोडी येथे योगायोगाने आलेली असली तरी अर्थपूर्ण आहे. वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिचा ताम्रपट रिद्धपूरला मिळाला. तो दिला गेला रामगिरिस्वामींच्या पादमूलापासून, म्हणजे रामटेकहून. द्वितीय प्रवरसेनाच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातील हे दान राणीने स्वतःच्या नावे दिले असून, गोत्र पतीचे न सांगता पित्याचे, धारण गोत्र, सांगितले आहे. पाचव्या शतकातील ही राजस्त्री आणि तेराव्या शतकाच्या कथनातील ही प्रधानाची सून यांना एका मापाने मोजता येणार नाही. राणीजवळ राज्य होते, सुनेजवळ केवळ अंगावरचे सोने. तरीही दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच आहे : जे तिचे आहे त्याविषयी बोलण्याचा अधिकार कोणाचा?

भारतीय आख्यानपरंपरेत द्यूत आणि स्त्री यांचे नाते तीन प्रतिमानांत पाहता येते. सभापर्वातील द्रौपदी पणाला लागते आणि नंतर खेळाच्या नियमांवरच बोट ठेवते : आधी स्वतःला हरलेल्या माणसाला दुसऱ्याला पणाला लावता येते काय? सभा निरुत्तर होते, पण खेळ तिला खेळाडू मानीत नाही. विदर्भकन्या दमयंती पटावर येतच नाही. नलाचे भान सुटल्याचे पाहून ती वार्ष्णेय सारथ्याबरोबर मुलांना कुंडिनपुरी धाडते. पुष्कराने तिला पणाला लावण्याची सूचना केल्यावर नलही ती मानीत नाही. द्रौपदी प्रश्न विचारते, दमयंती तजवीज करते. कमळाइसा या दोघींहून साधे काही करते. ती ‘नाही’ म्हणते, आणि खेळाला पुढचा पण मिळत नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व्हिडिओ गेम नावाची नवी आख्यानजाती अवतरली. तिची पहिली दोन दशके या दृष्टीने तपासली तर जुन्या सभेची आठवण होते. 1981 च्या ‘डाँकी काँग’मध्ये वानराने पळविलेली स्त्री शिखरावर उभी राहून वाट पाहते. 1989 च्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’त राजकन्येसाठी साठ मिनिटे मोजली जातात. 1986 च्या ‘मेट्रॉइड’मध्ये कवचधारी योद्धा स्त्री असल्याचे शेवटी उघड होते, मात्र खेळणारा जितक्या कमी वेळात खेळ संपवितो, तितके तिचे कवच उतरत जाते. नायिका आहे, पण तिचे शरीर हेच बक्षीस. या चित्रणाची चिकित्सा करणाऱ्या स्त्रियांना 2014 च्या सुमारास पाश्चात्त्य देशांत ज्या संघटित छळाला तोंड द्यावे लागले, त्यावरून पटाची मालकी कोणाची समजली जात होती हे दिसते.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी : अ‍ॅन एन्शन्ट एपिक’ हा खेळ 2020 साली आला. सर्कशीतील कसरती करणारी राजी दुर्गेचे शस्त्र घेऊन महाबलासुराच्या तावडीतून गोलू या धाकट्या भावाला सोडवायला निघते. भारतीय भूमीवर रचलेल्या खेळात सामान्य मुलगी केंद्रस्थानी येणे ही मोलाची घटना होय, आणि तिचे शरीर येथे प्रदर्शनाची वस्तू नाही हेही नोंदविले पाहिजे. तथापि संरचना पाहिली तर पळविलेल्या राजकन्येच्या जागी भाऊ आला आहे. पळविणे आणि सोडविणे ही चौकट तशीच आहे. राजी लढू शकते. न लढण्याची मुभा मात्र तिला नाही, कारण खेळणाऱ्याच्या बोटांपलीकडे तिला इच्छा नाही.

पात्रांची शिरगणती करणारी समीक्षा येथे अपुरी पडते ती यामुळेच. किती नायिका आहेत, त्यांच्या हाती कोणते शस्त्र आहे, हे प्रश्न आवश्यक असले तरी प्राथमिक होत. नियमांच्या रचनेत नकाराला जागा आहे काय, हे पाहायला हवे. म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या संहितेत ती आहे. स्त्रियांना शिष्यत्व देणाऱ्या आणि रजस्वलेचा विटाळ नाकारणाऱ्या आचार्यांच्या चरित्रात तो नकार गाळला गेला नाही, ही गोष्ट लहान नाही. ज्या परंपरेने महदाइसेचे प्रश्न जपले, तिने कमळाइसेचा नकारही जपला. फक्त त्याचे कारण तिच्या तोंडून वदविले नाही. विशाळदेवांनी देणे फेडले, हरपाळदेव रामटेकला निघाले, आणि अलंकार तिच्यापाशीच राहिले.