चाकं आहेत, इंजिन नाही

मे 1951 मधली रात्र. मुंबईत, कुलाब्यात, बेहराम खुर्शीद पेसिकाका यांच्या जीपची धडक बसून तिघं जखमी झाले. डॉक्टरांनी पेसिकाकांना तपासलं तेव्हा तोंडाला दारूचा वास येत होता आणि डोळ्यांच्या बाहुल्या थोड्या मोठ्या दिसत होत्या. पण बोलणं नीट होतं, सरळ रेषेत चालताही येत होतं. त्यांचं म्हणणं असं की आपण दारू प्यायलोच नाही, बी. जी. फॉस नावाचं टॉनिक घेतलं. त्या टॉनिकात अल्कोहोल असायचं. मॅजिस्ट्रेटने त्यांना सोडून दिलं. सरकार अपिलात गेलं. उच्च न्यायालयाने बेदरकारपणाच्या आरोपातली सुटका कायम ठेवली, पण दारू प्यायल्याबद्दल एक महिना सक्तमजुरी आणि 500 रुपये दंड ठोठावला.

म्हणजे बघा, तिघांना धडक बसली त्याची शिक्षा शून्य, आणि घशाखाली काय गेलं त्याला तुरुंग. 1954 साली सर्वोच्च न्यायालयाने तीही शिक्षा रद्द केली. कारण 1951 च्याच बलसारा खटल्यात अल्कोहोल असलेल्या औषधांपुरती दारूबंदी घटनाबाह्य ठरली होती. मग पोटातली दारू औषधातली नव्हती हे कुणी सिद्ध करायचं? सरकारने, असं न्यायालय म्हणालं.

हा खटला मी वाचायला घेतला तो एका साध्या प्रश्नामुळे: दारू पिऊन स्केटिंग केलं तर कायदा काय म्हणतो? मित्रांना विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं. स्केट्सना नंबर प्लेट नाही, लायसन्स लागत नाही, नाक्यावरचा पोलीस फुंकर मारायचं यंत्र पुढे करणार नाही. मग गुन्हा कसला? हा तर्क निम्मा बरोबर आहे, म्हणूनच तो जास्त धोक्याचा.

आपल्याकडे स्केटिंग म्हणजे लहान मुलांचा खेळ. उन्हाळी शिबिर, गुडघ्याला पॅड, बाजूला पाण्याची बाटली धरून उभी आई. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात मोठ्या माणसाने स्केट्स घालून रस्त्यावर उतरण्याचा प्रश्नच येत नव्हता, कारण तसा रस्ता नव्हता. मुरमाच्या रस्त्यावर बैलगाडीचं चाक चालतं, सायकलचं चालतं, स्केटचं चार बोटांएवढं चाक पहिल्याच खड्यावर अडतं. अकोला-वाशिम-हिंगोली-नांदेड असा जाणारा 161 क्रमांकाचा महामार्ग गुळगुळीत झाला आणि हे चाक जिल्ह्यात प्रथमच मैलोन् मैल फिरू शकेल अशी जागा तयार झाली. त्याच रस्त्यावरून रात्रभर ट्रकही धावतात.

आता चाकाचा कायदा. इंग्लंडात 1872 च्या कायद्याने रस्त्यावर नशेत ‘गाडी, घोडा, गुरं किंवा वाफेचं इंजिन’ ताब्यात ठेवणं हा गुन्हा ठरवला. गुरंसुद्धा! पुढे 1897 साली लंडनचा टॅक्सीचालक जॉर्ज स्मिथ नशेत मोटार चालवल्याबद्दल पकडला गेला आणि त्याला 25 शिलिंग दंड झाला; अशा गुन्ह्यातला तो पहिला मोटारचालक मानला जातो. मला मात्र जास्त आवडतो तो 1950 चा इल्फ्राकोम्ब गावचा खटला. कॉर्केरी नावाचा माणूस नशेत सायकल हाताने ढकलत चालला होता, बसलाही नव्हता. सायकल ही ‘गाडी’ आहे का, असा वाद झाला. न्यायालय म्हणालं, आहे. माणसाला वाहून नेते ती गाडी.

भारतात मात्र कायद्याने ‘मोटार’ हा शब्द धरून ठेवला. 1939 च्या मोटार वाहन कायद्यात गाडीवर नीट ताबा राहणार नाही इतक्या नशेत असणं हा गुन्हा होता. 1988 च्या नव्या कायद्यातलं कलम 185 सुरुवातीला फारच कडक होतं, रक्तातला थेंबभर अल्कोहोलही चालत नसे. 1994 च्या दुरुस्तीने मर्यादा आली: 100 मिलीलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम. 2019 पासून पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. पण हे सगळं ‘मोटार वाहना’साठी, म्हणजे यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या वाहनासाठी. पायाने रेटायचे स्केट्स त्यात बसत नाहीत. बॅटरीवरचा स्केटबोर्ड असेल तर गोष्ट गुंतागुंतीची होते. नियमांत 250 वॅटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या काही गाड्यांना सूट आहे, पण सोबत ब्रेक, रिफ्लेक्टर वगैरे अटीही आहेत.

कोड लिहिणाऱ्या माणसाला इथे हसू येतं. एका अटीत न बसलेली केस सुटली असं आपण समजतो आणि खाली दुसरं फंक्शन तिची वाट बघत असतं. ते दुसरं फंक्शन म्हणजे दारूचा कायदा, आणि त्याला चाकांशी देणंघेणं नाही.

हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यात होती. तिथे दारू ही आधी महसुलाची बाब. फसली 1316 चा, म्हणजे 1906-07 च्या सुमाराचा हैदराबाद अबकारी कायदा याच हिशेबाचा. विक्रीचा मक्ता दिला जाई, तो गुत्ता. मराठवाड्यात आजही रस्त्याच्या कंत्राटदाराला गुत्तेदार म्हणतात, आणि दारूचा गुत्ता हा शब्द त्याच घरचा. रस्ता आणि दारू, दोघांचा धनी एकाच नावाने ओळखला जातो याची गंमत तिथल्या माणसाला सांगावी लागत नाही.

1948 ला निजामाचं राज्य गेलं, 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात आला. मुंबईत 1949 पासून दारूबंदीचा कायदा होता. 1959 च्या कायद्याने तो उरलेल्या राज्याला लागू झाला. त्याच 1959 च्या कायद्याने पेसिकाका खटल्यात उघडं पडलेलं भोकही बुजवलं. संशयिताला डॉक्टरकडे नेऊन रक्त तपासण्याची सोय झाली, आणि रक्तात 0.05 टक्के किंवा जास्त अल्कोहोल निघालं तर ते औषधातून आलं हे सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर गेली. 1999 ला हिंगोली वेगळा जिल्हा झाला, कायद्याचं नाव पुढे महाराष्ट्र दारूबंदी कायदा झालं. गाभा मात्र तोच राहिला: परवान्याशिवाय पिणं आजही गुन्हा आहे. बारमध्ये रोज दिसणाऱ्या गर्दीतल्या किती जणांच्या खिशात एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन परवाना असतो, हे ज्याचं त्याने आठवावं.

यातलं कलम 85 स्केटरने वाचायलाच हवं. रस्त्यावर किंवा सार्वजनिक जागी जो नशेत असून स्वतःला सांभाळू शकत नाही, किंवा नशेत बेशिस्त वागतो, किंवा परवाना नसताना नशेत सापडतो, तो गुन्हेगार. यात वाहन, इंजिन, वेग, काहीही नाही. नशेत चाकांवर तोल जाणारा माणूस ‘स्वतःला सांभाळू न शकणारा’ नाही, हे न्यायालयात कसं सांगणार? शिवाय भारतीय न्याय संहितेचं कलम 355 आहेच: सार्वजनिक जागी नशेत उपद्रव दिला तर 24 तासांपर्यंत साधी कैद, 1,000 रुपयांपर्यंत दंड किंवा समाजसेवा. जुन्या दंडविधानात हा दंड दहा रुपये होता.

पोलिसांना सगळं मोकळं रान आहे असंही नाही. 1971 साली बच्चूभाई करयानी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तोंडाचा वास, लडखडती चाल, अडखळतं बोलणं आणि मोठ्या झालेल्या बाहुल्या एवढ्यावरून, रक्त-लघवीची तपासणी नसताना, माणूस प्यायला होता असं ठरवता येत नाही. मला हा निकाल योग्य वाटतो. चाल तर स्केट्सवर शुद्धीतही लडखडते.

खरं संकट दुसऱ्या कुणाला धडक बसली की सुरू होतं. 70 किलोचा माणूस ताशी 20 किलोमीटरने एखाद्या आजोबांवर आदळला तर त्यांचं खुब्याचं हाड मोडायला तेवढं पुरेसं आहे. दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणारी बेदरकार कृती कलम 125 मध्ये येते. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर कलम 106, पाच वर्षांपर्यंत कैद. दोन्हीकडे शब्द ‘कृती’ आहे, वाहन नव्हे. स्वतःहून प्यायलेली दारू बचाव म्हणून चालत नाही. उलट ट्रकने स्केटरला उडवलं तर भरपाईच्या दाव्यात विमा कंपनीचा वकील त्याच्या रक्ताचा अहवाल मागणार आणि ‘त्याचीही चूक होती’ म्हणून रक्कम कमी करायला बघणार. वैयक्तिक अपघात विम्याच्या कागदात नशेतली दुखापत बहुधा वगळलेलीच असते.

आता थोडं शरीराबद्दल. 1760 च्या दशकात जोसेफ मर्लिन नावाच्या बेल्जियन कारागिराने लंडनच्या एका मेजवानीत स्वतः बनवलेले स्केट्स घालून, व्हायोलिन वाजवत प्रवेश केला आणि थेट महागड्या आरशात घुसला, अशी गोष्ट सांगतात. ना वळता आलं ना थांबता. ही अडचण 1863 साली न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिम्प्टनने सोडवली: अंग ज्या बाजूला झुकेल त्या बाजूला चाकं वळतील अशी रचना. तेव्हापासून स्केटचं स्टिअरिंग म्हणजे स्केटरचा तोल. दारू नेमका तोच बिघडवते. आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नळ्यांत द्रव असतो आणि त्यात एक मऊसर पडदा. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं. ते आधी पडद्यात शिरतं, पडदा द्रवात तरंगू लागतो आणि डोकं कलतं केलं की मेंदूला वाटतं आपण गरगर फिरतोय. काही तासांनी अल्कोहोल पडद्यातून आधी बाहेर पडतं आणि उलट्या दिशेची गरगर सुरू होते. म्हणजे रात्री प्यायलेला माणूस सकाळी ‘उतरली’ म्हणून स्केट्स घालतो तेव्हाही कान पूर्ववत झालेला असतोच असं नाही.

आणि पडल्यावर? डोक्याला मार लागल्याची लक्षणं म्हणजे ओकारी, गुंगी, बरळणं, तोल जाणं. दारूचीही लक्षणं हीच. सोबतचे म्हणतात, ‘झोपू दे, उतरेल.’ कवटीच्या आत रक्तस्राव होत असेल तर जे तास हाताशी असतात ते असे झोपेत जातात, आणि हिंगोलीहून मोठ्या उपचारांसाठी बऱ्याचदा नांदेडचीच वाट धरावी लागते. दुसरी चूक पोलीस केसच्या भीतीने होते: मित्र डॉक्टरांपासून दारू लपवतात, किंवा दारू सांगतात आणि पडणं लपवतात. डॉक्टरला दोन्ही वेळा लागतात, शेवटचा पेग किती वाजता घेतला आणि डोकं किती वाजता आपटलं.