मापाचें मोल

महागाई घरांत दोन वाटांनीं शिरते. एक वाट उघडी आहे. जिन्नस तोच, माप तेंच, आणि दर मात्र चढलेला. ही महागाई दाराशीं हांक मारून येते. गृहिणी तिची तत्काळ दखल घेते, वर्तमानपत्रांत तिचा गवगवा होतो आणि सत्ताधाऱ्यांस तिचा जाब द्यावा लागतो. दुसरी वाट आडवळणाची आहे. तींत दर हलत नाहीं, पुड्याचें रूप पालटत नाहीं, वरचें चित्रही पूर्वीचेंच असतें. आंतला जिन्नस तेवढा कांहीं तोळ्यांनीं उणा झालेला असतो. पहिल्या महागाईचा इतिहास पुष्कळांनीं लिहिला आहे. दुसरीच्या इतिहासांतील कांहीं पायऱ्या वाचकांपुढें मांडाव्या, असा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. निमित्त कॉफीच्या दाण्यांचें आहे. पण विषयाची व्याप्ति कॉफीहून पुष्कळ मोठी आहे.

मापांवर सत्तेची नजर असावी लागते, हें आपल्याकडे फार प्राचीन काळीं ओळखलेलें होतें. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत पौतवाध्यक्ष नांवाचा स्वतंत्र अधिकारी आहे. वजनें व मापें करविणें आणि त्यांची परीक्षा करणें हें त्याचें काम. परंतु त्याच प्रकरणांत एक चमत्कारिक गोष्ट आढळते. धान्याच्या द्रोणाचे तेथें चार प्रकार सांगितले आहेत. राजभांडारांत येणारें धान्य मोजावयाचा द्रोण २०० पलांचा. बाजारांतील देवघेवीचा १८७॥ पलांचा. सेवकांस वांटून देण्याचा १७५ पलांचा. आणि अंतःपुराच्या वांटपाचा १६२॥ पलांचा. नांव एकच, पण घेतांना माप मोठें आणि देतांना लहान. राजाच्या कोठारांत एका मापानें गेलेलें धान्य दुसऱ्या मापानें बाहेर पडे, व मधला फरक कोठाराचा होई. तथापि कौटिल्यानें हा फरक लपविलेला नाहीं. चारही द्रोणांचीं पलें त्यानें ग्रंथांत नमूद करून ठेविलीं आहेत. ज्यास मोजतां येत होतें त्यास आपल्या पदरांत काय पडणार हें आधींच कळत होतें. हा मुद्दा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

महाराष्ट्रांतील जुनीं मापें घरांतील वडील माणसांस अद्याप तोंडपाठ आहेत. दोन निळव्यांचें कोळवें, दोन कोळव्यांचें चिपटें, दोन चिपट्यांचें मापटें, दोन मापट्यांचा शेर, आणि चार शेरांची पायली. येथपर्यंत सारें सरळ होतें. पण पायलीच्या पुढें एका तालुक्याचा हिशेब दुसऱ्या तालुक्यास जुळत नसे. कोठें १२ पायल्यांचा मण, तर कोठें १६ पायल्यांचा. मुंबईचा जुना मण वजनानें सुमारें २८ पौंडांचा होता, तर सरकारी मण ८२ पौंडांहून अधिक. त्यांतही माप सपाट भरावयाचें कीं शीग लावून, हा प्रश्न प्रत्येक खळ्यावर निघे. शीग म्हणजे मापाच्या कांठावर चढणारी धान्याची शंक्वाकार रास. उत्कंठा शिगेस पोहोंचली असें आपण आज सहज लिहितों. तो शब्द या खळ्यावरून आला आहे. घेणारा शीग मागे, देणारा मापावरून हात फिरवी, आणि त्या दोहोंमधल्या मूठभर दाण्यांत कुणब्याचा नफातोटा असे. पहिलें माप टाकतांना 'एक' न म्हणतां 'लाभ' म्हणावयाचें, ही रीतिही त्याच खळ्यावरची. मोजणें हा केवळ हिशेब नव्हता. त्यांत दोन माणसांचा विश्वास गुंतलेला होता.

आमच्या मराठवाड्यांत मापाबरोबर नाण्याचाही घोटाळा असे. जालना १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होतें; तेथें हाली सिक्का चाले, आणि सरहद्दीपलीकडे इंग्रजी कलदार रुपया. सुमारें सात हाली रुपयांस सहा कलदार असा हिशेब होता. तेव्हां जालन्याच्या पेठेंत कापूस विकणाऱ्यास भाव विचारतांना 'कोणत्या रुपयांत?' हें आधीं विचारावें लागे. पुढें १ एप्रिल १९५७ रोजीं दशमान नाणीं आलीं, १९५८ च्या आक्टोबरांपासून किलोग्रॅम टप्प्याटप्प्यानें बाजारांत उतरला, आणि १९५९ त हाली सिक्का कायमचा गेला. एका पिढीच्या डोळ्यांदेखत रुपया, आणा आणि शेर या तिन्हींचे अर्थ बदलले. एक आणा म्हणजे सव्वासहा नये पैसे. पण सव्वा पैशाचें नाणें नाहीं, तेव्हां तो पाव पैसा कोणाच्या तरी पदरीं पडावयाचाच. ८० तोळ्यांचा शेर सुमारें ९३३ ग्रॅमचा. किलो त्याहून ६७ ग्रॅमनें मोठा. माप बदलण्याची संधि आली कीं दर सरकविण्याचीही संधि येते, हा धडा त्या वर्षांनीं शिकविला. असें असलें तरी एकंदरींत तो बदल हितकारक ठरला, हें मान्य केलें पाहिजे. अंबडचा शेर आणि पुण्याचा शेर हा वाद त्यानें मिटविला.

आतां थोडें परदेशाकडे पाहूं. इंग्लंडांत १२६६ च्या सुमारास पावासंबंधानें एक कायदा झाला व तो पुढें पांच शतकांहून अधिक काळ टिकला. त्याची योजना आजच्या वाचकास विलक्षण वाटेल. पावाची किंमत स्थिर, आणि गव्हाचा भाव चढेल तसें पावाचें वजन कमी, असें कोष्टकच त्यांत होतें. एका पेनीचा पाव सुकाळांत मोठा व दुष्काळांत लहान. म्हणजे आज ज्या युक्तीबद्दल आपण कारखानदारांस दोष देतों ती तेथें राजाज्ञेनें चालत होती. परंतु ठरलेल्याहून हलका पाव विकणाऱ्या भटियाऱ्यास दंड होई, आणि वारंवार तसें करणाऱ्यास लोकांपुढें खोड्यांत उभें करीत. कौटिल्याचा द्रोण आणि इंग्लंडचा पाव या दोहोंवरून एकच निष्कर्ष निघतो. माप लहान करणें हा स्वतः अपराध नव्हे. तें न सांगतां लहान करणें हा अपराध होय.

या कसोटीवर कॉफीची गोष्ट पाहावी. सतराव्या शतकांत बाबा बुदन यांनीं अरबस्तानांतून कॉफीचें बीं आणून चिकमगळुराजवळच्या डोंगरांत लाविलें, अशी परंपरा आहे. महाराष्ट्रांत कॉफीचें पीक म्हणून नांव घेण्याजोगें ठिकाण एकच, वऱ्हाडांतील चिखलदरा. आपल्या मध्यमवर्गीय घरांत कॉफी आली ती दुधांत शिजवून, साखर व जायफळ घालून, पाहुण्यासाठीं किंवा आजाऱ्यासाठीं. १९३६ त मुंबईस चर्चगेटजवळ इंडिया कॉफी हाऊस उघडलें, तेव्हां शहरांतील तरुणांस तिची दुसरी चव कळली. १९४२ च्या कायद्यान्वयें कॉफी बोर्डाकडे सर्व मळेवाल्यांची कॉफी एकत्र जमा होऊं लागली व बोर्ड तिचा लिलाव करी. या पद्धतींत कोणत्या मळ्याचा दाणा कोणता हें गिऱ्हाइकास कळण्याचा मार्ग नव्हता. चांगला व सामान्य माल एकाच राशींत पडे. १९९६ पर्यंत हें बंधन सुटलें, आणि मळ्याचें नांव, दाणा भाजल्याची तारीख व उंचीचा उल्लेख असलेल्या पिशव्या निघण्याचा मार्ग मोकळा झाला. शंभरांपैकीं ८० किंवा अधिक गुण मिळविणाऱ्या अशा दाण्यांस आज विशेष दर्जाची कॉफी म्हणतात. मुंबई-पुण्याच्या सुशिक्षित घरांतून तिचा शौक गेल्या दहा-पंधरा वर्षांत चांगलाच पसरला आहे.

या कॉफीचें माप कसें उतरत गेलें, हें अमेरिकेच्या उदाहरणावरून स्पष्ट दिसतें. तेथें दळलेल्या कॉफीचा डबा पिढ्यान् पिढ्या एका पौंडाचा, म्हणजे १६ औंसांचा असे. १९८० नंतरच्या दशकांत तो १३ औंसांचा झाला. दाणा नव्या रीतीनें भाजल्यामुळें तेवढ्यांतच पूर्वीइतके पेले होतात, असें समर्थन करण्यांत आलें. विशेष दर्जाच्या दाण्यांची पिशवीही पौंडावरून १२ औंसांवर, म्हणजे ३४० ग्रॅमवर आली, आणि पुढें कित्येकांनीं ती १० औंसांवर किंवा २५० ग्रॅमवर आणली. आपण हिशेब करूं. एका पेल्यास १५ ग्रॅम दाणे धरले, तर ४५४ ग्रॅमच्या पौंडांत ३० पेले होतात. ३४० ग्रॅमांत २२. आणि २५० ग्रॅमांत अवघे १६. पिशवीची किंमत तीच राहिली असें धरलें, तरी पौंडाची पिशवी ३४० ग्रॅमची होतांच दर एक तृतीयांशानें चढला, आणि ती २५० ग्रॅमची होतांच आणखी ३६ टक्क्यांनीं. किंमतही वाढली असेल तर दोन्ही वाढींचा गुणाकार होतो. गिऱ्हाईक मात्र त्यांतली एकच वाढ पाहतें.

विक्रेत्यांची बाजूही ऐकली पाहिजे. भाजलेल्या दाण्याचा सुवास कांहीं आठवड्यांत उतरतो, म्हणून लहान कुटुंबास लहान पिशवी सोयीची, हें त्यांचें म्हणणें खरें आहे. कच्चा दाणा भाजतांना त्याचें सुमारें १५ ते २० टक्के वजन उडून जातें, हेंही खरें. आणि मुख्य कारण तर त्यांच्या हातचें नाहीं. १९७५ च्या जुलैंत ब्राझीलच्या पाराना प्रांतांत हिमकडाका पडून मळे जळाले, व १९७७ त न्यूयॉर्कच्या वायदेबाजारांत पौंडास तीन डॉलरांहून अधिक भाव झाला. २०२१ च्या जुलैंत पुन्हा हिम पडलें, पुढें अवर्षण आलें, आणि २०२५ च्या फेब्रुवारींत भाव चार डॉलरांपलीकडे गेला. अशा वेळीं दर वाढविणें अपरिहार्य असतें, त्याबद्दल कोणी शहाणा मनुष्य तक्रार करणार नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, जी वाढ न्याय्य आहे ती उघड सांगण्यास संकोच कां वाटावा?

कॉफीच्या बाबतींत मापाची घट आणखी एका रूपानें येते. वजन पुरें, पण आंत चिकोरी. आपल्या नियमांप्रमाणें कॉफी-चिकोरीच्या मिश्रणांत कॉफी निदान ५१ टक्के असली पाहिजे; अर्थात् उरलेली ४९ टक्के चिकोरी असूं शकते. चिकोरीची चव ज्यांस आवडते त्यांनीं ती खुशाल घ्यावी. परंतु तिचें प्रमाण पुड्यावर छापलेलें असतें, तें वाचल्यावांचून पुड्यांच्या किंमतींची तुलना करणें व्यर्थ होय.

कायद्यानें या बाबतींत काय केलें? १९७७ च्या नियमांनीं आवेष्टित मालावर निव्वळ वजन व किंमत छापणें बंधनकारक झालें. २०११ च्या नियमांत कॉफी, चहा, बिस्किटें, मीठ, साबण इत्यादि १९ जिनसांचे पुडे ठराविक वजनांचेच असावे, अशी अनुसूची होती. २०२१ च्या नोव्हेंबरांतील दुरुस्तीनें ती अनुसूची काढून टाकली, आणि तिच्या जागीं प्रत्येक ग्रॅमास किंवा किलोस काय दर पडतो तो छापण्याची अट घातली. म्हणजे पूर्वी राज्य म्हणे, 'माप आम्ही राखूं'. आतां तें म्हणतें, 'दर छापवून घेऊं, माप तुम्ही पाहा.' ही योजना वाचणाऱ्या गिऱ्हाइकास पुरेशी आहे. न वाचणाऱ्याचें संरक्षण मात्र पूर्वीपेक्षां कमी झालें. फ्रान्सांत १ जुलै २०२४ पासून मोठ्या दुकानांस, जिन्नस उणा होऊन किंमत न उतरल्यास तसा फलक दोन महिने लावावा लागतो. असा नियम आपल्याकडेही असावा, असें आमचें मत आहे.

हें सर्व लिहितांना आमच्या डोळ्यांपुढें अंकुशनगर आहे. अंबड तालुक्यांतील हें गांव समर्थ सहकारी साखर कारखान्याभोंवतीं वसलें आणि अंकुशराव टोपे यांच्या नांवानें ओळखलें जातें. समर्थ रामदासांचें जन्मस्थान जांब याच जिल्ह्यांत. येथें विशेष दर्जाच्या कॉफीचे दाणे मागणारा विरळाच. परंतु मापाचें महत्त्व येथल्याइतकें क्वचितच कोठें कळत असेल. ऊस काट्यावर चढतो तेव्हां शेतकऱ्याचें वर्षाचें उत्पन्न त्या आंकड्यांत असतें. २०२५-२६ च्या हंगामासाठीं केंद्र सरकारनें १०.२५ टक्के उताऱ्यास क्विंटलमागें ३५५ रुपये दर ठरविला. उसाचें वजन, उतारा आणि दर या तिन्ही गोष्टी शेतकऱ्यास ठाऊक असतात. टनामागें दहा किलो उणे धरले तर गाडीमागें किती रुपये जातात, हें तो बोटांवर सांगेल. काटे तपासण्यास भरारी पथकें फिरावीं, ही महाराष्ट्रभरच्या ऊसकऱ्यांची मागणी जुनी व रास्त आहे.

तोच शेतकरी सायंकाळीं दुकानांत जाऊन दोन रुपयांची कॉफीची पुडी किंवा पांच रुपयांचा बिस्किटाचा पुडा घेतो, तेव्हां वजनाकडे पाहत नाहीं. दोन रुपये ही त्याच्या दृष्टीनें किंमत नसून पुडीचें नांवच झालेलें असतें. आणि नांव बदलत नाहीं तोंवर वस्तु बदलली असा संशय त्यास येत नाहीं. लहान पुडी नेहमींच महाग पडते असेंही नाहीं. कित्येकदां मोठ्या डब्यापेक्षां ती स्वस्त असते. यासाठींच अंदाजावर न विसंबतां ग्रॅमाचा दर पाहावा. शहरांतील सुशिक्षित कुटुंबाचीही स्थिति याहून वेगळी नाहीं. मळ्याचें नांव, उंची व सुवासाचें वर्णन तें आवडीनें वाचतें. निव्वळ वजनाची बारीक ओळ तेवढी वाचावयाची राहते.

मुलांस आपण त्रैराशिक शिकवितों. त्याचा उपयोग परीक्षेपुरता न राहतां महिन्याच्या वाणसामानाच्या यादींत व्हावा. घरांतील एखाद्या शाळकरी मुलाकडे हें काम सोंपवून पाहावें. वहींत प्रत्येक पुड्याचें वजन, किंमत आणि १०० ग्रॅमचा दर अशीं तीन घरें आंखून त्यानें वर्षभर टिपण ठेवावें. वर्षाअखेर ती वही घराचा लहानसा इतिहासच होईल, आणि दुकानदारापुढें ती उघडली असतां तोही मापाविषयीं अधिक जपून बोलेल. खळ्यावरचा कुणबी शीग मागण्यास लाजत नसे. आपणही पुरें माप मागण्यास लाजूं नये.