दिनविशेष : १५ सप्टेंबर

१८८३. मुंबईत भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये (आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय) आठ निसर्गप्रेमी जमले आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्यांत दोन भारतीय होते : प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. सखाराम अर्जुन. दरमहा भेटायचे, जमवलेले नमुने एकमेकांना दाखवायचे, एवढाच बेत होता. पुढच्याच वर्षी हा संग्रह फोर्ब्स स्ट्रीटवर संस्थापकांपैकीच एक असलेल्या फिप्सन यांच्या मद्याच्या दुकानात हलला.

या संग्रहाची खरी किंमत १९०८ साली कळली. छऱ्याच्या बंदुकीने टिपलेली, गळ्यावर पिवळा ठिपका असलेली चिमणी घेऊन एक शाळकरी मुलगा सोसायटीत आला. सचिव मिलार्ड यांनी त्याला हाकलले नाही. पक्षी ओळखून दिला, कप्पे उघडून पेंढा भरलेले पक्षी एकेक करून दाखवले, वाचायला पुस्तके दिली. ना फी, ना प्रवेशपरीक्षा. तो मुलगा म्हणजे पुढे पक्षितज्ज्ञ झालेले सलीम अली.

रत्नागिरीकरांसाठी मुलांपुढे उघडता येईल असा कप्पा झाडगावातच आहे. कोकण कृषी विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रातले मत्स्यालय आणि संग्रहालय पर्यटक आवर्जून पाहतात. देवमाशाच्या सांगाड्यापुढे मुले थबकतात. त्यांच्या प्रश्नांना तिथेच उत्तर देणारा जाणकार हवा. निदान १५ सप्टेंबरला तरी जिल्ह्यातल्या शाळांसाठी हे दालन विनामूल्य ठेवावे, आणि शिक्षकांनी मुलांना तिथे जरूर न्यावे.