विजेचे वेळनिहाय दर आणि दरपत्रकांचें साधनमूल्य

जुन्या कागदाचा काल ठरवितांना आपण अक्षराचें वळण, कागदाची जात, तिथि-वारांचा मेळ आणि मजकुरांत आलेलीं नाणीं-मापें पाहतों. विजेच्या दरपत्रकांसही हीच रीति लागू पडते, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. कोणत्या प्रहरीं वीज स्वस्त व कोणत्या प्रहरीं महाग, एवढें एक कलम वाचलें तरी तें पत्रक निघालें त्या काळीं वीज मुख्यतः कशापासून होत होती, याचें अनुमान बहुधा करतां येतें. त्याच कलमावर गृहस्थाच्या घरखर्चांतील बचतही अवलंबून असते. म्हणून हा विषय केवळ यंत्रशास्त्राचा नव्हे, इतिहासाचाही आहे.

काळाला मोल असतें ही कल्पना आपणांस नवी नाहीं. व्याज व मुदतीची हुंडी हीं तिचींच रूपें होत. परंतु एकाच दिवशीं, एकाच घरीं, एकाच वस्तूचा भाव घटकेघटकेला बदलावा, हा प्रकार विजेबरोबर आला. याचें कारण विजेच्या स्वभावांत आहे. धान्य कोठारांत व पाणी तलावांत सांठवितां येतें. वीज मात्र मागणी होईल त्या क्षणींच निर्माण करून पोंचवावी लागते. मोठ्या बॅटऱ्या अलीकडे आल्या, तरी त्यांचा खर्च वेगळा पडतो. सबब सायंकाळच्या सर्वांत मोठ्या मागणीस पुरेल एवढी यंत्रसामग्री उभारावी लागते आणि इतर वेळीं तिचा बराच भाग निजून राहतो.

हें तत्त्व सुस्पष्ट मांडण्याचा मान इंग्रज इंजिनिअर जॉन हॉपकिन्सन याजकडे जातो. इ. स. १८९२ मधील विजेच्या पुरवठ्याच्या खर्चावरील व्याख्यानांत त्यानें असें प्रतिपादन केलें कीं, पुरवठादाराचा खर्च दुहेरी असतो : एक सदैव सज्ज राहण्याचा व दुसरा प्रत्यक्ष वीज देण्याचा. ग्राहकाचें देणेंही तसेंच दुहेरी असावें. ब्रायटन येथील आर्थर राइट यानें ग्राहकाची कमाल मागणी नोंदविणारें उपकरण तयार करून या तत्त्वास व्यवहारांत आणलें. एडिसनचा एके काळचा खाजगी चिटणीस व पुढें शिकागोच्या वीजकंपनीचा प्रमुख सॅम्युएल इन्सल यानें १८९४ सालीं ब्रायटनची ही पद्धति पाहिली व ती अमेरिकेंत नेली. मात्र राइटचें उपकरण ‘किती’ हें सांगे, ‘केव्हां’ हें सांगत नसे. दुपारीं मोठी मागणी करणारा व सायंकाळीं तेवढीच करणारा हे दोघे त्याच्या लेखीं सारखेच होते.

‘केव्हां’ या प्रश्नाची शास्त्रशुद्ध मांडणी फ्रान्समध्यें झाली. तेथील राष्ट्रीय वीजसंस्था १९४६ सालीं स्थापन झाली, आणि तिच्या सेवेंतील अर्थशास्त्रज्ञ मार्सेल ब्वातो यानें १९४९ सालीं कमाल मागणीच्या वेळच्या दरांविषयीं निबंध प्रसिद्ध केला. त्याचा सारांश असा कीं, ज्या वेळीं आणखी एक युनिट देण्यास अधिक खर्च येतो त्या वेळचा दर अधिक असावा. पुढील दशकांत मोठ्या ग्राहकांसाठीं ‘हिरवा दर’ या नांवाची दररचना त्यावर उभी राहिली. इंग्लंडांत १९७८ सालीं ‘इकॉनॉमी सेव्हन’ हा घरगुती दर सुरू झाला. त्यांत रात्रीचे सात तास वीज स्वस्त व दिवसा महाग असे. कोळशाचीं व अणुशक्तीचीं मोठीं केंद्रें रात्रीं थांबविणें सोयीचें नसतें. ती वीज खपावी म्हणून लोकांनीं रात्रीं विटा तापवून ठेवाव्या व दिवसा त्यांची ऊब घ्यावी, अशी योजना होती.

वेळ ओळखणाऱ्या साधनांचाही इतिहास मनोरंजक आहे. प्रथम मीटरशेजारीं घड्याळाची कळ असे. पुढें इंग्लंडांत बी.बी.सी.च्या दीर्घलहरींवरून जाणारा संकेत मीटर बदलूं लागला. ही व्यवस्था ३० जून २०२५ पासून टप्प्याटप्प्यानें बंद करण्यास आरंभ झाला. फ्रान्समध्यें विजेच्या तारांतूनच १७५ हर्ट्झचा संकेत धाडून घरोघरचे पाणी तापविण्याचे बंब चालू करीत.

आतां दोन दरांची तुलना कशी करावी तें पाहूं. केवळ उदाहरणासाठीं समजा, एकसारखा दर युनिटास १० रुपये आहे. वेळनिहाय दरांत स्वस्त वेळीं ६ व इतर वेळीं १२ रुपये पडतात. महिन्यास ३०० युनिटें लागणाऱ्या घराचें बिल पहिल्या दरानें ३,००० रुपये होईल. दुसऱ्या दरानें स्वस्त वेळीं ५० युनिटें वापरल्यास ३,३००, १०० वापरल्यास ३,००० व १५० वापरल्यास २,७०० रुपये होईल. म्हणजे येथें सीमा एक-तृतीयांशाची आहे. स्वस्त वेळ आठ तासांची असेल तर ती दिवसाचाही तिसरा हिस्सा होते. तेव्हां अहोरात्र सारखी वीज घेणाऱ्या घरास लाभही नाहीं, हानिही नाहीं. लाभ त्यालाच, ज्याला बंब, पंप, कपडे धुण्याचें यंत्र किंवा गाडीचें चार्जिंग स्वस्त वेळीं नेतां येतें. जें घर दिवसभर कुलुपबंद असतें व सायंकाळींच उजळतें, त्याला दुपारच्या स्वस्ताईचा उपयोग थोडा.

महाराष्ट्रापुरतें पाहतां, वीज नियामक आयोगाच्या २०२० सालच्या आदेशांत उच्चदाब उद्योगांस रात्रीं १० ते सकाळीं ६ पर्यंत युनिटमागें १ रुपया ५० पैसे सूट होती, आणि सायंकाळीं ६ ते १० या वेळांत १ रुपया १० पैसे अधिक आकारले जात. केंद्र सरकारनें जून २०२३ मध्यें ग्राहकहक्कांचे नियम सुधारून दिवसाच्या आठ सौरतासांत दर किमान वीस टक्के कमी असावा असें ठरविलें. त्यानंतर महावितरणच्या स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांस १ जुलै २०२५ पासून सकाळीं ९ ते सायंकाळीं ५ पर्यंतच्या वापरावर युनिटमागें ८० पैशांची सवलत लागू झाली. येथें एक विवेक राखला पाहिजे. युनिट दुपारीं नेल्यानें वांचते ती केवळ सवलतीची रक्कम; तें युनिट मुळींच न वापरल्यास वांचतो तो पूर्ण दर. काटकसरीची जागा वेळेची हेराफेरी घेऊं शकत नाहीं.

वरील दाखले एकत्र ठेवले म्हणजे मुख्य प्रमेय स्पष्ट होतें. १९७८ च्या पत्रकांत स्वस्त प्रहर मध्यरात्रीचा आहे. २०२५ च्या पत्रकांत तो मध्यान्हाचा आहे. फ्रान्समध्येंही १ नोव्हेंबर २०२५ पासून स्वस्त तासांपैकीं कांहीं तास क्रमशः दुपारीं नेण्यास प्रारंभ झाला. कोळसा व अणु यांचा काल सरून सूर्याचा काल येत असल्याची ही नोंद आहे. कोणी म्हणेल कीं, दर सरकारी धोरणानें ठरतात, त्यांवरून असें अनुमान कसें काढावें? सवलत किती द्यावी यांत धोरणाचा हात असतो, हें खरें. परंतु ती कोणत्या तासांत द्यावी हें निर्मितीच्या सोयीवरच ठरतें. रकमेपेक्षां तासाची साक्ष अधिक विश्वसनीय होय.

तथापि हे कागद आज कोणी सांठवीत नाहीं. बिल भरलें कीं तें रद्दींत जातें. यंत्रावर छापलेलीं कांहीं बिलें थोड्या वर्षांतच फिकीं पडतात. आणि आतां बहुतेक बिलें कागदावर उतरतच नाहींत. आदेश सरकारी दप्तरांत राहतील, पण आदेशावरून घर कसें चाललें तें कळत नाहीं. तें बिलावरूनच कळतें. सनदेवरून गांवचा व्यवहार समजत नाहीं, त्यास कुळकर्ण्याचा ताळेबंद लागतो, हें या पत्राच्या वाचकांस सांगावयास नको. म्हणून संग्राहकांस विनंति कीं, आपल्या व शेजारच्या घरचीं सलग वर्षांचीं बिलें, मीटरकार्डें व दरपत्रकें दिनांकवार लावून ठेवावीं आणि फिकट होणाऱ्या बिलांच्या नकला वेळींच करून घ्याव्या. जुन्या दफ्तरांच्या बाबतींत आपण उशिरां जागे झालों. येथें अद्याप अवसर आहे.